दूधवाल्याची सायकल आणि आमच्या काकू



आज सायकलीचा इतिहास सांगणार आहे. पण सुरुवात आमच्या गटाच्या मासिक बैठकीपासून करते, कारण हा इतिहास मी शोधायला लागले तो त्या बैठकीमुळंच.

आमच्या गटातल्या एका काकूंनी गेल्या वर्षी सायकलीसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. काकूंचं वय ४७, वजन ८८ किलो. वजन त्यांना विचारूनच सांगते आहे. त्या म्हणाल्या, "सांग की रेडिओवर. गावाला दिसतंय, लपवायचं कुणापासून?" दोन म्हशी आहेत. सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर दूध घालायला सव्वादोन किलोमीटर चालत जायचं आणि तेवढंच परत यायचं. गुडघे कुरकुरायला लागले. मुलगा पुण्याला, मालकांना दिसत कमी. म्हणून सायकल. लहानपणी माहेरी शिकलेल्या होत्या, तो तोल अंगात होता.

अर्ज वाचला आणि बैठकीत हशा पिकला. "काकू, सायकल तुम्हाला नेणार का तुम्ही सायकलीला?" खरं सांगायचं तर मीही हसले. समन्वयक असून हसले.

कर्ज ६,००० रुपयांचं मंजूर झालं. तालुक्याच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "कुणासाठी?" मी म्हटलं, "काकूंसाठी." लगेच त्यानं लेडीज सायकल पुढं केली. नाजूक, रंगीत, पुढं टोपली. म्हणाला, "हलकी आहे, बायकांना बरी." आम्हीही मान डोलावली. सात आठवड्यांत मागच्या चाकाच्या तीन तारा तुटल्या. बसवल्या, पंधरा दिवसांत आणखी दोन गेल्या, मग रिमच वाकली. दुकानात गेलो तर त्यानं काकूंकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "ताई, वजन बघा की." सायकल गोठ्यात गेली. हप्ते मात्र चालूच होते.

आता एक हिशेब सांगते. त्याच संकलन केंद्रावर एक दूधवाला रोज सायकलीवर येतो. मागं दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन. चाळीस लिटर दूध म्हणजे साधारण ४१ किलो, कॅन आणि अडकवायच्या लोखंडी कड्या धरून ५० किलो. तो स्वतः ६० किलोचा तरी असेल. झाले ११० किलो. काकूंपेक्षा २२ किलो जास्त. त्याला कुणी हसत नाही, आणि त्याची सायकल मी कॉलेजात होते तेव्हापासून तीच आहे.

मग मोडलं काय? काकूंचं वजन जास्त, की सायकलच चुकीची?

बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आणा. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले लाकडी आरे, बाहेर लोखंडी धाव. गाडी भरली की भार खालच्या आऱ्यावर उभा राहतो. खांबावर घर उभं राहतं तसा. सायकलीचं पहिलं चाक असंच होतं. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो नावाच्या कारागिराच्या कारखान्यात पुढच्या चाकाला पायडल लावलेल्या गाड्या व्हायला लागल्या. लाकडी चाक, वर लोखंडी पट्टी, खाली दगडी रस्ता. इंग्रजांनी तिला जे नाव ठेवलं त्याचा अर्थ होतो हाडं खिळखिळी करणारी.

या गाड्या इंग्लंडमध्ये बनायला लागल्या त्या कुठं, ऐका. कॉव्हेंट्री गावात, शिलाई मशीनच्या कारखान्यात. १८६९ साली त्या कारखान्यानं सायकली करायला घेतल्या आणि नावही बदललं. आपल्या गटात सात जणींकडं शिलाई मशीन आहे, म्हणून मला हे फार आवडलं. त्या कारखान्यात जेम्स स्टार्ली नावाचा हरहुन्नरी कारागीर होता. त्याच सुमाराला पॅरिसमध्ये यूजीन मेयर यानं लाकडी आऱ्यांच्या जागी लोखंडी तारांचं चाक काढलं होतं.

इथं थोडं थांबू या, कारण काकूंच्या सायकलीचं गुपित इथंच आहे. तार उभी करून तिच्यावर भार ठेवता येतो का? सायकलीची तार हातात धरा, वरून दाबा, वाकते. मग पातळ तारांवर माणूस बसतो कसा? आपल्या बाजेवर बसतो तसा. बाजेची सुतळीही उभी राहत नाही. ती चारी बाजूंनी ताणलेली असते, आणि त्या ताणावर आपण झोपतो. चाकाच्या तारा सगळ्या बाजूंनी रिमला मध्याकडं खेचून धरतात. वजन पडलं की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो. चाक फिरलं की त्या वर जातात आणि पुन्हा ताठ होतात. खाली सैल, वर ताठ, प्रत्येक फेऱ्याला.

आता सैल बाज आठवा. सैल बाजेवर लहान पोर बसलं तरी ती झोळीसारखी होते, सुतळी घासते आणि एक दिवस तुटते. ताठ बाजेवर चार बायका बसून शेंगा फोडतात. तारेचंही तसंच आहे. ती एका दणक्यानं सहसा तुटत नाही. साधी तार हातात घेऊन मागं-पुढं वाकवत राहिलं की शेवटी तुटते ना, तशी ती थकून तुटते, आणि बहुतेक वेळा मधल्या हबजवळ जिथं वाकवलेली असते तिथंच. काकूंच्या एका खेपेत चाकाचे हजारावर फेरे होतात. दिवसाच्या जाऊन-येऊन चार खेपा. सात आठवड्यांचे दोन लाखांवर फेरे झाले. त्या दोन लाख वेळा सैल तारा सैल-ताठ होत राहिल्या. नवी सायकल दुकानातून निघताना तारा नीट ताणल्या होत्या का, हे आम्ही कुणीच बघितलं नव्हतं. घंटी मात्र वाजवून बघितली होती.

स्टार्लीनं १८७४ साली यात मोठी सुधारणा केली. त्याआधी तारा तुंब्यातून सरळ बाहेर निघायच्या. पायडल मारलं की तुंबा फिरायला बघायचा, आणि सरळ तारांना तो पीळ सहन व्हायचा नाही. स्टार्लीनं तारा तिरप्या लावल्या, एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या. आपण फुगडी घालताना हात फुलीसारखे धरतो, कारण सरळ धरले तर पहिल्याच गिरकीत सुटतात. तीच युक्ती. आज तुमच्या दारातल्या सायकलीचं चाक बघा, तारांची फुगडी दिसेल.

मधला काळ पटकन ओलांडते. पुढं माणसाच्या छातीएवढं उंच चाक आणि मागं चिमुकलं, अशा गाड्या आल्या. तोल गेला की माणूस तोंडावर. बायकांनी घेर असलेले कपडे घालून त्यावर चढावं असं काही तिच्यात नव्हतं. मग १८८५ साली जेम्स स्टार्लीचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली यानं त्याच कॉव्हेंट्रीत रोव्हर नावाची गाडी काढली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, मध्ये पायडल, मागच्या चाकाला चेन. आज आपण जिला सायकल म्हणतो ती हीच. बसणारा मागं सरकला, म्हणून त्याचं निम्म्याहून बरंच जास्त वजन मागच्या चाकावर आलं. वर पायडलचा जोरही त्याच चाकाला, आणि मागं कॅरिअर लावलं की ओझंही तिथंच.

इंग्रज कारखानदारांनी हे ओळखलं होतं. त्यांच्या रोजच्या वापराच्या सायकलींना पुढं ३२ तारा असायच्या आणि मागं ४०. आपल्या दूधवाल्याच्या सायकलीच्या मी मोजल्या. पुढं ३२, मागं ४०. काकूंच्या रंगीत सायकलीच्याही मोजल्या. मागं २८.

टायरची गोष्टही सांगायला हवी. बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर होते. त्यांच्या लहान मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार आदळायची. त्यांनी रबराची नळी करून हवा भरली आणि चाकांना गुंडाळली. १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं. तेव्हापासून सायकलस्वार हवेवर बसतो. म्हणून वजन जास्त असेल तर हवा जास्त लागते, नाहीतर टायर रुंद लागतो. हवा कमी असली की खड्ड्यात रिम थेट दगडावर येते, ट्यूब चिमटते, शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. आपण म्हणतो काटा लागला. काटा कुठला, हवाच नव्हती! टायरच्या कडेला हवेचा आकडा छापलेला असतो. पंक्चरवाल्याकडं तो वाचून भरायला सांगा. अंगठा दाबून "ठीक आहे" म्हणणं काकूंच्या वजनाला चालत नाही.

आता लेडीज सायकल. सीटपासून हँडलपर्यंत जाणारी दांडी असते ना, ती नुसती पोर बसवायला नसते. वरची दांडी, खालची तिरपी नळी आणि सीटखालची उभी नळी मिळून त्रिकोण होतो. त्रिकोण पिळला जात नाही. मांडवाच्या कोपऱ्याला तिरपी काठी बांधतात ती याचसाठी. १८८९च्या सुमाराला बायकांसाठी सायकली निघाल्या तेव्हा ही वरची दांडी काढून टाकली. कारण? त्यांचे लांब घेराचे झगे. बाईचं वजन किती, ती काय वाहून नेणार, तिचा रस्ता कसला, यातलं काही कुणी मोजलं नाही. कपडा मोजला. दांडी गेली की सांगाडा तितका ताठ राहत नाही. चांगले कारखानदार मग बाकीच्या नळ्या जाड करायचे, म्हणजे लेडीज सायकल उलट जड व्हायची. हलकी आणि बिनदांडीची, दोन्ही हवं म्हटलं की मजबुतीत काटछाट आलीच.

मला तर वाटतं, सायकलीचा शोध नऊवारी नेसणाऱ्या मुलखात लागला असता तर दांडी काढायचं कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

त्या काळच्या एका बाईबद्दल सांगते, तिचा आपल्याकडं धागा आहे. फ्रान्सिस विलार्ड ही अमेरिकेतली दारूबंदीच्या चळवळीची मोठी पुढारी. पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या तेव्हा त्यांच्या विधवांच्या शाळेसाठी १८८७ साली बॉस्टनला जी मदत मंडळी उभी राहिली, तिच्यात ही विलार्डबाई होती. आईच्या मृत्यूनंतर तिची तब्येत ढासळली. तेव्हा वयाच्या ५३व्या वर्षी ती सायकल शिकली, आणि १८९५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. सायकलीला तिनं ग्लॅडिस असं नाव ठेवलं होतं. त्याच वर्षांत तिकडचे काही डॉक्टर बायकांना बजावत होते की सायकल चालवून तुमचा चेहरा कायमचा ताणलेला, विद्रूप होईल. हसणारे तेव्हाही होते, फक्त कारण वेगळं द्यायचे.

आपल्या देशात सायकली आधी विलायतेतून यायच्या. स्वातंत्र्यानंतर मोठे कारखाने इथं निघाले. १९५१ साली सोनीपतला ॲटलास, १९५६ साली लुधियानाला हीरो, मद्रासजवळ हर्क्युलिसचा कारखाना. त्यांनी ती जुनी इंग्रजी काळी सायकल जवळजवळ तशीच ठेवली. अठ्ठावीस इंची चाकं, दीड इंची टायर, मागं ४० तारा, स्प्रिंगचं सीट, लोखंडी सळ्यांचा ब्रेक. इंग्लंडमध्ये ती मागं पडली तरी आपल्याकडं टिकली, कारण आपल्याकडं तिच्यावर दूध होतं, गॅसची टाकी होती, गवताचा भारा होता, पुढं पोर आणि मागं बायको होती. ओझ्याच्या धंद्यासाठी डबल दांडीची, जाड कॅरिअरची सायकलही निघाली. ती पुरुषांच्या कामासाठी होती. बायकांच्या वाट्याला आली ती लेडीज.

ओझं म्हणाल तर व्हिएतनाममधलं सांगते. १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत हजारो माणसांनी डोंगरातून सायकलींवर तांदूळ आणि दारूगोळा पोचवला. त्यात बायकाही होत्या. हँडलला आणि सीटच्या नळीला बांबू बांधून सायकल ढकलत न्यायची. एकेका सायकलीवर दोनशे किलोच्या वर. आता ढकलणं वेगळं आणि बसून चालवणं वेगळं, खड्ड्यात बसलेला माणूस आदळतो. तरी दोन चाकांच्या अंगात काय ताकद आहे ते कळतं.

पण मला जवळचं वाटतं ते तमिळनाडूतलं पुदुकोट्टई. १९९१च्या सुमाराला तिथं साक्षरतेची मोहीम चालू होती. कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी साक्षरतेबरोबर बायकांना सायकल शिकवणंही जोडलं. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, परिचारिका, शिक्षिका, लाखावर बायका शिकल्या. कलेक्टरबाईंनी बँकांकडून बायकांना सायकलीसाठी कर्जं मिळवून दिली, म्हणजे आपलंच काम म्हणा की. मागणी एवढी वाढली की लेडीज सायकली कमी पडल्या. तेव्हा बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. आणि काहींना त्याच जास्त आवडल्या, कारण दांडीवर पोर बसवता येतं. विलायतेत झग्यासाठी काढलेली दांडी शंभर वर्षांनी पुदुकोट्टईच्या बायकांनी पोरांसाठी परत घेतली.

हे सगळं मी काकूंना त्यांच्या ओसरीवर बसून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मला दूधवाल्याची सायकल पाहिजे." दोन तास बोलून मला जे नीट सांगता आलं नव्हतं ते एका वाक्यात.

योग असा की त्या दूधवाल्यानं दिवाळीत मोटारसायकल घेतली. त्याची डबल दांडी भिंतीला टेकून होती. दीड हजारात द्यायला तयार झाला. जुनी घ्यायची तर काय बघायचं, हे तालुक्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं आम्हाला शिकवलं. आधी नळ्यांचे सांधे बघायचे, विशेषतः चिमट्याच्या वर आणि सीटखाली. रंगाला बारीक तडा दिसला तर ती घ्यायची नाही, चाकं कितीही चांगली असोत. मग चाक उचलून फिरवायचं, डुलतं का बघायचं. मग तारा बोटानं एकेक छेडायच्या. एका बाजूच्या सगळ्या साधारण एकाच सुरात वाजल्या पाहिजेत. जी भद्द वाजते ती सैल. नव्या तारा बसवल्या तर पंधरा दिवस चालवून परत आणायची, तारा बसतात, पुन्हा ताणून आऊट काढावा लागतो. हे पंधरा दिवसांनंतरचं येणं कुणी करत नाही, असं मिस्त्री म्हणाला, आणि तारा तुटल्या की मात्र सगळे येतात.

ब्रेकबद्दलही तो कडक बोलला. अंगात वजन जास्त तर थांबायला अंतर जास्त. आणि चकचकीत लोखंडी रिमवर पावसात ब्रेकचं रबर घसरतं. म्हणून रबरं वेळेवर बदलायची आणि पावसाळ्यात उतारावर आधीपासून ब्रेक धरायचा.

एक अडचण होतीच, ती लपवत नाही. दांडीवरून पाय टाकून चढायचं कसं? उंच सायकल, मागं कॅरिअर, आणि काकूंचे गुडघे. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी लहान मापाचा सांगाडा बघावा, किंवा जाड नळ्यांची जुन्या धाटणीची लेडीज घेऊन तिला मागं ४० तारांचं चाक मिस्त्रीकडून बांधून घ्यावं. पण काकूंनी सायकल ओट्याला लावली, जरा आडवी कलती केली आणि ओट्यावरून बसल्या. मी लुगड्याचं विचारलं तर म्हणाल्या, "कासोटा घालते मी. मला दांडीचं काय?" केंद्रावरही एक ओटा आहे. दोन ओट्यांच्या मध्ये रस्ता, त्यांचं भागतं.

प्रश्न पैशाचा उरला. पहिल्या कर्जाचे १,८०० रुपये बाकी होते, आणि बाकी असताना दुसरं द्यायचं नाही हा आमचा नियम. गोठ्यातली रंगीत सायकल एका आठवीतल्या पोरीच्या आईनं २,२०० रुपयांना घेतली, रिम बदलून. पोरगी ३६ किलोची आहे, तिला ती छान चालते. त्यातून जुनं कर्ज फिटलं, ४०० उरले. या महिन्याच्या बैठकीत काकूंचा दुसरा अर्ज आला, २,५०० रुपयांचा. सायकल, नवीन रिम, तारा, दोन टायर आणि ब्रेकची रबरं. या वेळी मी अर्ज वाचायच्या आधी तारांचा हिशेब सांगितला. कुणी हसलं नाही. एका आजींनी फक्त विचारलं, "माझ्या सुनेच्या सायकलीला किती तारा असतील गं?" कर्ज मंजूर झालं.

परवा मी तालुक्याला गेले तेव्हा मिस्त्रीच्या दुकानात डोकावले. मागचं चाक स्टँडला लावलेलं होतं. काकू शेजारी स्टुलावर बसून मोठ्यानं तारा मोजत होत्या. एकोणचाळीस झाल्या होत्या. चाळिसावी मिस्त्रीच्या हातात होती.